दोन कुलपांची पेटी

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आमच्या सहलीत पैसे कमी पडले नाहीत. पैसे जास्त भरले, आणि त्यामुळे सगळा घोळ झाला. हे मी ज्याला सांगितलं त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट तर म्हणाले, "असला त्रास आम्हालाही होऊ दे कधीतरी." फक्त तळमजल्यावरच्या निवृत्त कॅशियरसाहेबांचा चेहरा गंभीर झाला. "जास्त भरले?" त्यांनी हळू आवाजात विचारलं आणि खुर्ची ओढून बसले. जाणकार माणूस वेगळाच असतो.

मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर आहे. रबराचा साधा वायसरसुद्धा माझ्या सहीशिवाय स्टोअरच्या बाहेर पडत नाही. या सव्वीस वर्षांत मी एवढं शिकलो की माल कमी भरला तर घाबरायचं कारण नाही. गंजला असेल, मोजताना चुकला असेल, कुणी खिशात घातला असेल, कारण मिळतंच. पण माल जास्त भरला की समजावं, कुणीतरी काहीतरी लपवतंय. आमच्या रजिस्टरमध्ये त्यासाठी वेगळा रकाना आहे, 'वाढीचे कारण'. तो रकाना रिकामा ठेवून मी आजवर घरी गेलेलो नाही. म्हणजे, या सहलीपर्यंत गेलो नव्हतो.

आता सहल का निघाली ते सांगतो. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, बायकोची थोरली बहीण आणि तिचा नवरा, एका डोंगरावर गेलो होतो. वर जायला रोपवे होता. चौघांची तिकिटं आठशे चाळीस. संध्याकाळी खर्चाची वाटणी करताना बायको म्हणाली, रोपवेचे मी दिले. ताई म्हणाली, छे, मी दिले. दोघीही शपथेवर सांगत होत्या. आधी हसत, मग न हसता, मग "तुझं लहानपणापासून असंच आहे" इथपर्यंत गाडी गेली. हे वाक्य बहिणींमध्ये एकदा निघालं की आठशे चाळीस बाजूला राहतात आणि तिसरीतली कंपासपेटी बाहेर येते. परत येताना दोघी दोन खिडक्यांना बसल्या. त्यानंतर अकरा महिने फोन नाही.

मला आधी वाटलं, निवळेल. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "आई गेल्यापासून माझ्याशी आमच्या जुन्या घराबद्दल बोलू शकेल असं जगात एकच माणूस उरलंय. आणि ते माझ्याशी बोलत नाही." एवढं बोलून ती टॉवेलाची घडी घालत राहिली. टॉवेलाची घडी आधीच झालेली होती. मी दुसऱ्याच दिवशी साडूंना फोन केला.

साडूंची ओळख करून देतो. ते मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. शिकाऊ माणसाच्या डावीकडे बसायचं आणि पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. त्यामुळे दुसऱ्याच्या हातात सूत्रं दिली की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुततो. सिनेमागृहात पडद्यावरच्या गाडीसाठीही ते ब्रेक दाबतात, पुढच्या खुर्चीला धक्का बसतो आणि भांडण होतं. तरी माणूस वाईट नाही. त्यांच्याही घरात तोच अबोला नांदत होता. "ही रात्रंदिवस कपाटं आवरते हो," ते फोनवर म्हणाले. "आवरलेलीच आवरते. जाऊ या कुठेतरी. पण या वेळी पैशाचं आधी ठरवा. पुन्हा तसं झालं तर या दोघी जन्मात एकमेकींचं तोंड बघणार नाहीत."

ही जबाबदारी मी घेतली. प्रत्येक जोडप्याने बारा हजार काढायचे, एकूण चोवीस, आणि ते एका जागी ठेवायचे. प्रश्न एवढाच होता की कुठे. बातमी जिन्यातून वर गेली आणि सल्ले जिन्यातून खाली आले. विमा एजंट म्हणाले, एकाकडे द्या आणि विसरून जा. त्यांच्या मुलीने मोबाइलवर हिशोबाचं ॲप दाखवलं, पण तिथे कोण कुणाला किती देणं आहे ते सगळ्यांना लाल अक्षरांत दिसत होतं, आणि आमच्या बाबतीत तेच टाळायचं होतं. कॅशियरसाहेब म्हणाले, "संयुक्त खातं उघडा. दोघांच्या सह्या असल्याशिवाय पैसे निघणार नाहीत." हे मात्र मला एकदम पटलं.

मी आणि साडू बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म घेतला आणि विचारलं, "तुमचं एकमेकांशी नातं?"

"साडू," मी म्हणालो.

त्यांनी कॉम्प्युटरवर यादी वरखाली केली. "साडू नाहीये यादीत. भाऊ आहे, मुलगा आहे, भागीदार आहे. भाऊ लिहू?"

"खोटं कशाला लिहायचं?" साडू म्हणाले.

"मग 'इतर' लिहिते. पण इतरला प्रतिज्ञापत्र लागतं. तुमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत असं. आणि त्या दोघींनी एकत्र येऊन सह्या करायच्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ज्या दोघी एकत्र याव्यात म्हणून हे खातं उघडायचं, त्या एकत्र आल्याशिवाय हे खातं उघडणार नव्हतं. साडूंनी फॉर्म परत घेतला. बाहेर येईपर्यंत त्यांनी पायऱ्यांवर दोनदा ब्रेक दाबला.

मग मला कारखान्यातली पेटी आठवली. कामगारांच्या सूचनांसाठी साहेबांनी कधीकाळी एक लोखंडी पेटी बनवून घेतली होती. वर चिठ्ठी टाकायला फट आणि समोर दोन कड्या, म्हणजे दोन कुलपं लागतील, एकाची किल्ली साहेबांकडे, दुसऱ्याची कामगारांच्या प्रतिनिधीकडे. नऊ वर्षांत एकही सूचना आली नाही आणि पेटी भंगारात निघाली. मी रीतसर भंगाराच्या भावाने ती विकत घेतली, पावती अजून आहे. वरची अक्षरं खरवडून काढली, तरी 'सूचना' एवढं पुसट दिसत राहिलं. एक कुलूप माझं, एक साडूंचं. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडणार नाही. साडूंना ही कल्पना बेहद्द आवडली. दोन ब्रेकांची गाडी त्यांना कळते.

नियम मी एका कागदावर लिहिले आणि चौघांच्या सह्या घेतल्या. सगळा खर्च पेटीतून. रोज जेवणाआधी मोजणी, चौघांसमोर. आणि तिसरा नियम, खासगी पैसे कुणीही बरोबर आणायचे नाहीत, कारण खासगी पैशातूनच मागचा घोळ झाला होता. बायकोने सही केली, पण करताना तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. निघायच्या आदल्या दिवशी ती शिलाई मशीनच्या खणातून काही नोटा काढून मोजताना मला दिसली. मी खोकलो. तिने खण बंद केला. म्हटलं, जाऊ दे, संसारात काही गोष्टी रजिस्टरबाहेर ठेवाव्या लागतात.

तीन दिवसांची सहल, समुद्रातलं एक छोटं बेट. वर दीपगृह, खाली वीसेक घरं आणि एक लॉज. फोनला रेंज यायची ती लॉजच्या गच्चीवर टाकीच्या मागे, तीही वारा असेल तर.

बोटीवर चढतानाच पेटीने पहिला तमाशा केला. चार किलोचं लोखंड मी छातीशी धरून उभा, आणि एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. त्यांनी फट पाहिली, दोन कुलपं पाहिली, माझा चेहरा पाहिला, आणि खिशातून पाचाचं नाणं काढून आत टाकलं. "कशासाठी आहे?" त्यांनी मागाहून विचारलं.

"सहलीसाठी," मी म्हणालो.

"वा, वा. अनाथ मुलांच्या ना?" असं म्हणून ते निघून गेले. मी मागे धावलो, पण पेटीसकट किती धावणार. साडूंना हाक मारून, दोन्ही कुलपं काढून, ते पाच बाहेर काढेपर्यंत ते गृहस्थ वरच्या डेकवर गेलेही होते. मी वहीत लिहिलं: जमा पाच, अनोळखी वृद्ध गृहस्थ, गैरसमजातून.

बहिणी एकमेकींशी बोलत होत्या, पण ज्या पद्धतीने बोलत होत्या ते ऐकवत नव्हतं. "आपल्याला उन्हाचा त्रास होत नाही ना?" असं ताईने धाकट्या बहिणीला विचारलं. आपल्याला. जिच्या वेण्या घातल्या, जिला कडेवर घेऊन हिंडली, तिला. बायको म्हणाली, "नाही, ठीक आहे. थँक्यू." मी साडूंकडे पाहिलं. साडू समुद्राकडे पाहून बोटीचा ब्रेक दाबत होते.

पहिल्या संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात मी पेटी टेबलावर ठेवली आणि मोजणी केली. वहीप्रमाणे जे असायला हवं होतं त्यापेक्षा पाचशे जास्त निघाले. पाचाचं नाणं धरून नव्हे, ते सोडून. मी पुन्हा मोजले. साडूंनी मोजले. पाचशे जास्त.

"जास्तच आहेत ना," साडू म्हणाले, "बरंच झालं की."

"बरं कसं झालं?" मी म्हणालो. "आले कुठून? दोन कुलपं आहेत. तुमच्याशिवाय मी उघडू शकत नाही, माझ्याशिवाय तुम्ही उघडू शकत नाही."

"टाकायला फट आहे की वर."

"टाकेल कोण? खासगी पैसे कुणाकडेच नाहीत. सह्या आहेत."

बायको सूप पीत राहिली. ताईने मीठ मागितलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण त्याचं वर्णन करत बसत नाही. एवढंच सांगतो की सकाळपर्यंत माझा एक निष्कर्ष निघाला होता. साडूंनी टाकले. मागच्या भांडणात साडू एकदा म्हणाले होते, "काय आठशे चाळीस घेऊन बसलात, मी देऊन टाकतो." तेव्हाही मला ते लागलं होतं. आता हा माणूस गुपचूप पैसे घालून आम्हाला दाखवणार, की बघा, तुमच्याच्याने झेपत नाही म्हणून आम्ही भर घातली. मला गरीब समजलेलं चालतं. मी आहेच मध्यम पगाराचा. पण माझ्या पेटीत कुणी माझ्या नकळत उपकार टाकले तर ते मला चालत नाही.

साडूंचा निष्कर्षही तोच निघाला होता, फक्त त्यात साडूंच्या जागी मी होतो. हे मला नंतर कळलं. दुसरा दिवस आम्ही दोघांनी एकमेकांवर नजर ठेवण्यात घालवला. ते पेटीजवळ गेले की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो. मी गेलो की ते खिडकीतून पक्षी बघायला यायचे. मी माझ्या आयुष्यात साडूंना पक्ष्यांबद्दल एक शब्द बोलताना ऐकलेलं नाही. एवढी पाळत असूनही आंघोळ, जेवणानंतरची डुलकी आणि गच्चीवरची रेंज यांसाठी पेटी मधे मधे एकटी पडली. नाही म्हणायला बहिणी होत्या तिच्याजवळ. त्यांना आम्ही संशयितांत धरलंच नव्हतं. त्यांना धरायला हवं होतं हे आता कुणीही म्हणेल.

दुसऱ्या संध्याकाळी मोजणी झाली. पाचशेचे तेराशे चाळीस झाले होते.

मी वजाबाकी केली. साडूंनीही केली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम लाल झाला. आदल्या दिवसापासून आजपर्यंत पेटीत नेमके आठशे चाळीस वाढले होते.

"आठशे चाळीस," साडू म्हणाले.

"हो. आठशे चाळीस," मी म्हणालो.

"हा टोमणा आहे. सरळ टोमणा आहे. रोपवेचे पैसे आमच्या हिने दिले नव्हते असं तुम्हाला म्हणायचंय, म्हणून तुम्ही ते आमच्या तोंडावर फेकताय."

"मी? मीच तुम्हाला हे विचारणार होतो. उपकार करायचे तर तोंडावर करावेत. फटीतून कसले उपकार करता?"

"उपकार तुम्ही करताय आमच्यावर."

"मला तेवढे परवडत नाहीत, साडूभाऊ. तुम्हाला परवडतात, तुमच्या दोन गाड्या आहेत."

"त्यातली एक बंद आहे," साडू गरजले. जेवणघरातल्या बाकीच्या लोकांनी चमचे खाली ठेवले. पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ उठून आले, पेटीवरचं पुसट 'सूचना' वाचलं, हातातली चिठ्ठी घडी करून फटीतून आत टाकली आणि समाधानाने परत जाऊन बसले. आम्हाला तेव्हा त्यांना थांबवण्याचंही भान नव्हतं.

ताई ताट तसंच टाकून उठली आणि गेली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही दोघं पुरे करा आता," ती म्हणाली. "पैसे जास्त आलेत म्हणून कुणी भांडतं का? माझ्या वाटणीची एकच बहीण आहे. उद्या चार वाजता बोट सुटली की मला ती पुन्हा दिसेल की नाही, हेच माहीत नाही मला." मला वाटलं, ती साडूंच्या वागण्यामुळे रडतेय. मी मनातल्या मनात साडूंच्या नावावर तेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लॉजचं बिल दिलं. मी माझं कुलूप काढलं, साडूंनी त्यांचं काढलं, पैसे मोजून दिले, कुलपं लागली. एक शब्द नाही. लॉजवाला आमच्या दोघांकडे पाहून पावती देतानाही कुजबुजला. मग साडूंनी किल्ली पँटच्या आतल्या खिशात घातली आणि म्हणाले, "मी दीपगृह बघून येतो. एकटाच." आणि चालायला लागले. परतीची तिकिटं अजून काढायची होती. हे मला त्या क्षणी सुचलं नाही. अभिमान दुखावला की स्टोअरकीपरलाही साठा आठवत नाही.

सव्वातीनला आम्ही तिघं सामानासकट धक्क्यावर पोचलो. तिकीटखिडकी साडेतीनला बंद, बोट चारला. आत स्वेटर घातलेल्या एक बाई थर्मास शेजारी ठेवून बसल्या होत्या.

"चार तिकिटं," मी म्हणालो.

"चारशे ऐंशी. रोख."

मी पेटी खिडकीच्या फळीवर ठेवली. "पैसे यात आहेत. पण दुसरी किल्ली असलेले गृहस्थ वर दीपगृहावर गेलेत. ते आले की देतो. तोवर तिकिटं द्या."

"पैसे आल्याशिवाय तिकीट नाही."

"मॅडम, पैसे इथेच आहेत. तुमच्यासमोर आहेत. वाजवून दाखवतो." मी पेटी हलवली. आत पाचाचं नाणं खणखणलं.

"पैसे दिसल्याशिवाय मी सही करत नाही," बाई म्हणाल्या. सव्वीस वर्षं मी फोरमन लोकांशी ज्या सुरात बोलत आलो, तंतोतंत त्याच सुरात. मला राग यायला हवा होता, पण त्यांचं चुकत कुठे होतं हे सापडेना.

मी डोंगराकडे पाहिलं. पायवाटेवर कुणी नव्हतं. फोन लावला, रेंज नव्हती. तीन वाजून एकवीस मिनिटं. मी बायकोच्या केसातली पिन मागून घेतली, तिला आकडा केला आणि फटीतून घातली. पेटी उलटी धरून, एक डोळा मिटून, मी धक्क्यावर सगळ्या उतारूंसमोर माझ्याच पैशांवर गळ टाकून बसलो. धक्क्यावरचा पहारेकरी चालत आला आणि काठी टेकवून उभा राहिला.

"दानपेटी आहे ना ही?"

"नाही. खासगी आहे. माझी आहे. म्हणजे अर्धी माझी आहे."

"मग पिनेने कशाला काढताय?"

याचं थोडक्यात उत्तर नव्हतं. तेवढ्यात पिनेला काहीतरी लागलं. मी श्वास रोखून वर ओढलं. घडी घातलेला कागद बाहेर आला. पहारेकऱ्याने तो माझ्या हातातून घेऊन मोठ्याने वाचला. "सूपमध्ये मीठ कमी असते. कृपया लक्ष द्यावे." त्याने कागद मला परत दिला आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. गेला मात्र नाही.

तीन वाजून सव्वीस मिनिटं. मग मी सव्वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. स्वतः लिहिलेला नियम मोडायला सांगितलं.

"हे बघ," मी बायकोला म्हणालो, "तुझ्याकडे पैसे आहेत मला माहीत आहे. मशीनच्या खणातले. निघायच्या आदल्या दिवशी मोजताना पाहिलंय मी. मी काही बोलणार नाही. काढ."

"नाहीत," ती म्हणाली.

"अगं, मी रागावणार नाही."

"होते. आता नाहीत."

"कुठे गेले?"

ती बॅगेचा पट्टा आवळायला लागली. मी ताईकडे वळलो. "ताई, तुमच्याकडे असतील थोडे तर. मी घरी गेल्यावर लगेच देतो, लिहून देतो."

ताईने पर्स उघडून माझ्यासमोर धरली. आत रुमाल, चष्म्याचं घर आणि खोकल्याच्या गोळ्या. "होते हो," ती म्हणाली. "आज सकाळी शेवटचे तीनशे चाळीस होते. आत्ता काहीच नाही."

"शेवटचे?" बायकोने विचारलं. ती पहिल्यांदाच ताईकडे सरळ बघत होती. "आधी किती होते?"

ताईने पर्स बंद केली, पुन्हा उघडली. "पाचशे," ती म्हणाली.

मला बेरीज करायला एवढा वेळ कधी लागला नव्हता. बायकोला लागला नाही. तिने सामानाच्या बॅगेवर बसकण मारली आणि म्हणाली, "ताई, मी पण टाकले गं. काल दुपारी, तू केस धूत होतीस तेव्हा. आठशे चाळीस."

"तू कशाला टाकलेस? तू तर दिले होतेस."

"मी नव्हते दिले. मला नंतर आठवलं, माझ्या पर्समध्ये त्या दिवशी तेवढे पैसेच नव्हते. तूच दिलेस."

"काहीतरीच बोलू नकोस. मी तेव्हा टोपी घ्यायला दुकानात गेले होते. रांगेत तू होतीस. मी उगाच तुला खोटं पाडलं."

"नाही ताई, मीच खोटी."

"गप्प बस. मी मोठी आहे. मी सांगते ना, तूच दिलेस."

"तू दिलेस."

अकरा महिन्यांपूर्वी ज्या त्वेषाने त्या मी दिले, मी दिले म्हणत होत्या, त्याच त्वेषाने आता तू दिलेस, तू दिलेस चाललं होतं. पहारेकरी माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

"मग फोन का नाही केलास?" ताईने विचारलं.

"हातात घ्यायचे आणि ठेवायचे. तू उचललाच नसतास तर काय करायचं, म्हणून."

"मी रोज उचलायला बसले होते गं, छोटे," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "कपाटं आवरून आवरून माझं मनगट गेलं."

मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या, आणि मधेच हसायला लागल्या, कारण ताईच्या तोंडात खोकल्याची गोळी होती आणि ती बाहेर पडली. मी तिथे पेटी धरून उभा होतो. माझा सगळा तपास, पाळत, निष्कर्ष, साडूंना बोललेलं एकेक वाक्य मला आठवत होतं. मला फार लाज वाटली, ती स्पष्टच सांगतो.

मागे तिकीटखिडकीची फळी खाली पडल्याचा आवाज झाला. साडेतीन.

चार वाजता बोटीने भोंगा दिला आणि ती आमच्याशिवाय गेली. बहिणींनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्या बॅगांवर बसून जुन्या घरातल्या गच्चीवर कुणी कुणाला ढकललं होतं, यावर बोलत होत्या.

चार वाजून दहा मिनिटांनी डोंगरावरून एक जीप गचके खात खाली आली. चालवत होता दीपगृहाचा रखवालदार, आणि शेजारी बसून जमिनीत पाय रुतवत होते साडू. रखवालदाराला जीप मागे घेता येत नाही, हे कळल्यावर साडूंनी त्याला दीपगृहासमोर पाऊण तास रिव्हर्स शिकवला होता. खाली उतरले, रिकामा धक्का पाहिला, रडून लाल झालेल्या दोन बायका पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? माझ्यामुळे बोट गेली? भांडल्या?"

"साडूभाऊ," मी म्हणालो, "पैसे तुम्ही टाकले नव्हते."

"तेच तर सांगत होतो मी."

"मीही टाकले नव्हते."

त्यांनी बहिणींकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, पुन्हा बहिणींकडे पाहिलं. मग आतल्या खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली. आम्ही तिथेच धक्क्यावर पेटी उघडली. जास्तीचे सोळाशे ऐंशी आणि पाचाचं नाणं. मी म्हणालो, "माझं बोलणं मनावर घेऊ नका. ती दोन गाड्यांची गोष्ट." ते म्हणाले, "त्यातली एक खरंच बंद आहे हो." आणि आम्ही दोघंही खूप दिवसांनी हसलो.

लॉजवाल्याने आमच्या खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. एकच मोठी खोली शिल्लक होती, पंधराशेची. ती जास्तीच्या पैशातून घेतली. कुणी हरकत घेतली नाही, कारण त्या पैशावर दोघींपैकी एकीलाही हक्क सांगायचा नव्हता. रोपवेची तिकिटं मुळात कुणी काढली, ते आजही कळलेलं नाही.

म्हणजे मूळ पैशांतलं उरलेलं वाटून घेतल्यावर पेटीत जास्तीचे एकशे पंच्याऐंशी उरले. स्टोअरच्या पद्धतीप्रमाणे मालक सापडेपर्यंत जास्तीचा माल हलवायचा नसतो, म्हणून मी ते तसेच ठेवले. एक किल्ली माझ्याकडे, एक साडूंकडे. पेटी एक महिना आमच्याकडे असते, एक महिना त्यांच्याकडे, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोजणी. मोजणीला चौघं हजर लागतात, हा नियम माझाच आहे. मी तो शिथिल केलेला नाही.

मागच्या रविवारी मोजणी आमच्याकडे होती. स्वयंपाकघरातून दोघी बहिणींचे आवाज येत होते, तिसरीतल्या कंपासपेटीवरून जोरात वाद चालला होता. मी आणि साडूंनी कुलपं काढली. एकशे पंच्याऐंशी असायला हवे होते. अकराशे पस्तीस भरले.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मोजले. मग वही उघडली, आकडा लिहिला, आणि 'वाढीचे कारण' हा रकाना रिकामा ठेवून वही मिटली.